पुण्याने निवडलेला प्रोसेसर

आमच्या घरात निर्णय कोणी घेत नसे, तो नोंदवला जाई. पूर्वज दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले ते दरबाराचं दफ्तर सांभाळायला. लढायला येणाऱ्यांना जहागिरी मिळाल्या, आम्हाला शाई मिळाली. पुढे दरबार गेला, दफ्तरही गेलं, नोंद ठेवायची खोड तेवढी उरली. हरिशंकरपुरममधल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात ही परंपरा बापूकाका चालवत. ते वडिलांचे थोरले भाऊ, अविवाहित आणि सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, म्हणजे या कामासाठी बारा महिने मोकळे. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक जाड वही होती. वर विषय, त्याखाली अभिप्राय, मग निर्णय आणि सगळ्यांत खाली घरातल्या सगळ्यांच्या सह्या. फ्रिजचा रंग, मोरीचं दार आत उघडावं की बाहेर, माझी अकरावीची शाखा, सगळं त्या वहीत होतं. आईचा मिक्सरचा विषय सलग तीन दिवाळ्या ‘विचाराधीन’ होता. आई रोज सकाळी पाट्यावर चटणी वाटायची आणि त्या वेळी वरवंटा गरजेपेक्षा जरा जोरात आपटायची. स्मरणपत्र पाठवण्याची तिची तेवढीच पद्धत होती. वहीत अभिप्राय पुरुषांचे असत. सह्या मात्र बायकांच्याही लागत, कारण आम्ही पुरोगामी होतो.

वहीचा एक नियम होता: खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर ती तशीच ठेवायची आणि खाली नवी नोंद करायची. ‘सात पिढ्यांत आपल्या घराण्यानं लिहिलेलं अक्षर खरवडलेलं नाही,’ असं बापूकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, सात पिढ्या आमच्यावर ब्लेड घेऊन कोणी तरी पाळत ठेवून होतं.

आणि शेवटचा अभिप्राय पुण्याचा असे. अडीचशे वर्षं चंबळच्या मुलुखात काढली, उन्हाळ्यात लूच्या झळा खाल्ल्या, सकाळी पोह्यांबरोबर जलेबी खाल्ली, ‘काय करून राहिलीस’ म्हणता म्हणता अर्धी मराठी हिंदीत विरघळवली, तरी शहाणपण पुण्यातच पिकतं यावर आमच्यासारख्या घरांची श्रद्धा अभंग होती. आमच्या वाट्याचं पुणं म्हणजे नाना. नाना माझ्या आत्याचे यजमान. आमच्या शेजारपाजारी अशा माणसाला फूफाजी म्हणतात आणि लग्नात रुसून बसणं हे त्याचं घटनादत्त कर्तव्य मानतात. नाना एकाच वेळी पुण्याचे आणि घरचे जावई होते. त्यांचं म्हणणं खोडणं म्हणजे दुहेरी पाप. ते विमा कंपनीत अधिकारी होते आणि त्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, म्हणून कॉम्प्युटरमधलं त्यांना सगळं कळत होतं. आमच्याकडे गॅसची शेगडी होती, तरी आईला गॅसमधलं कळतं असं कोणी कधी म्हटलं नाही.

मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘सध्या काही करत नव्हते’. स्वयंपाक, दळण, बापूकाकांची औषधं आणि गच्चीवरचे पापड हे काहीच नसावं. मधल्या काळात एका क्लासमध्ये जाऊन मी पुस्तकाची पानं कॉम्प्युटरवर जुळवायला शिकले आणि किला गेटजवळच्या एका छापखान्याच्या मालकानं मला एक जाडजूड हिंदी पुस्तक करून बघायला दिलं. घरगुती औषधांचं, चारशेच्या वर पानांचं. शाळा उघडायच्या आत ते पूर्ण करून दिलं, तर पुढचं सगळं काम तुझ्याकडेच घरी पाठवीन, असं तो म्हणाला. अट एकच होती: कॉम्प्युटर माझा असावा.

वडिलांनी विषय वहीवर घेतला. त्यांचा अभिप्राय सरळ होता. कॉम्प्युटर घेऊ. तो उन्हाळाभर नीट चालला आणि पुस्तक वेळेत झालं, तर मुलीनं हे काम करावं. नाही तर जुलैत तिनं पुण्याला आत्याकडे राहून बी.एड. करावं. त्या काळी आमच्यात ‘पुण्याला बी.एड.’ याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. आत्या चांगली स्थळं बघणार आणि स्थळ जमेपर्यंत मुलगी शिकत राहणार. मी खाली सही केली. माझं पुढचं आयुष्य एका यंत्राच्या प्रकृतीवर ठेवलं गेलं आणि ते यंत्र कोणतं घ्यायचं हे मी सोडून सगळे ठरवणार होते.

पहिला पेच जागेचा निघाला. घरात कूलर एकच, तोही पुढच्या खोलीत. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात कूलरपासून दूर माणूस काम करू शकत नाही, यंत्राचं तर नावच नको. पण पुढच्या खोलीत पाहुणे बसत आणि बापूकाकांना पाहुण्यांसमोर वायरी नको होत्या. भिंतीतल्या कपाटात वरच्या काचेमागे पणजोबांची पगडी होती. खालचा कप्पा रिकामा होता. कॉम्प्युटरचा डबा त्या कप्प्यात मावला पाहिजे, फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड तेवढे बाहेर टेबलावर, असा निर्णय झाला. बापूकाकांनी कप्प्याची लांबी, रुंदी, उंची वहीत लिहिली. आजकाल पुस्तकाएवढे कॉम्प्युटर मिळतात आणि लोक छोटा डबा हौसेनं घेतात. आमचा छोटा ठरला तो पगडीची अदब राखण्यासाठी.

दुसरा पेच प्रोसेसरचा. मी बैठकीत समजावून सांगितलं, की प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू आणि तो दोन बड्या कंपन्यांपैकी एकीचा घ्यावा लागतो. एकदा तो ठरला की बाकी सगळं त्याच्यामागून येतं. मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, त्याच्या मापाची, वीजपुरवठ्याची पेटी त्याच्या भुकेची, पंखा त्याच्या तापटपणाप्रमाणे. पुढे मन बदललं तर सगळं खटलं बदलायचं. ‘म्हणजे सोयरीक,’ बापूकाका म्हणाले आणि दोन्ही कंपन्यांत घराणं कोणाचं जुनं ते विचारू लागले. एका कंपनीचा प्रोसेसर गाण्याच्या कॅसेटसारखा होता, पाटीवरच्या खाचेत उभा बसायचा. वेगवान होता, आणि तापटही. दुसरीचा बिस्किटाएवढा, चौकोनात आडवा बसायचा. वेग बेताचा, पण डोकं थंड. पानं जुळवायला आडवा पुरे होता, कारण काढ्याच्या कृतीला फार वेग लागत नाही. पण माझं म्हणणं हा अभिप्राय नव्हता, ती माहिती होती. बापूकाकांनी ती वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहिली.

रविवारी सकाळी वडील, बापूकाका आणि मी असे तिघं एसटीडी बूथवर जाऊन पुण्याला फोन लावून आलो. नानांनी एक क्षणही घेतला नाही. उभाच घ्या, म्हणाले, तेही रिसीव्हरबाहेर आम्हा तिघांना ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. आडवे कारकुनांसाठी असतात. वडिलांनी विचारलं, की इथे गरमी जरा जास्त असते, चालेल ना? त्यावर नाना हसले आणि म्हणाले, की त्यांच्याकडे वर्षभर खिडकी उघडी असते आणि कॉम्प्युटर कधी तक्रार करत नाही. नानांच्या त्या खिडकीतून टेकडी दिसायची आणि मेमध्येही संध्याकाळी शाल घ्यावीशी वाटायची. मी स्वतः ती शाल घेतलेली आहे. पण वडील फोन ठेवून समाधानानं म्हणाले, चला, मामला निपटला. वहीत नोंद झाली: ‘पुण्याच्या अभिप्रायानुसार उभा प्रोसेसर घ्यावा.’ सह्या झाल्या. शेवटची माझी.

जुळवणीचं दुकान दाल बाजारात होतं. खाली डाळींचं ठोक दुकान, वर जिन्यानं गेलं की पवनभैयाची खोली. जिना खडा होता, म्हणून बापूकाका खालीच गादीवर बसले आणि तूरडाळीचे दाणे दाताखाली धरून नव्याजुन्याची पारख करू लागले. वर पवनभैयानं माझ्या हातातला कपाटाच्या मापांचा कागद बघितला, मग प्रोसेसरचं नाव बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. वाद न घालता त्यानं एक छोटा डबा टेबलावर ठेवला, त्यात पाटी ठेवली आणि तो उभा प्रोसेसर त्याच्या पंख्यासकट खाचेत बसवला. वर वीजपुरवठ्याची पेटी आडवी आली. झाकण लागेना. पेटी जरा सरकवून त्यानं झाकण टेकवलं, तेव्हा पंख्याला श्वास घ्यायला बोटभरही जागा उरली नाही.

“दीदी, ये बंद अलमारी में रखोगी?” त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.

“मई में?”

मी पुन्हा हो म्हटलं.

“तो फिर तंदूर ले लो, सस्ता पड़ेगा. रोटी तो मिलेगी.”

मला हसू आलं नाही. मी त्या न लागणाऱ्या झाकणाकडे बघत होते आणि मला त्यात पुण्याच्या आत्याची बैठकीची खोली दिसत होती. मी ट्रेमध्ये पोहे घेऊन उभी, समोर कोणी तरी बँकेतला, आणि नाना त्याला सांगताहेत, की मुलगी कॉम्प्युटरही शिकली आहे. खाली जाऊन बापूकाकांना समजावता आलं असतं. पण मग विषय परत वहीवर गेला असता, रविवार यावा लागला असता, पुण्याला फोन झाला असता आणि पुण्यानं झाकण न लावता वापरायला सांगितलं असतं. छापखान्याचा मालक रविवारची वाट बघत बसणारा नव्हता. मी पवनभैयाला म्हटलं, आडवा बसवा. त्यानं विचारलं, घर में पूछना है? मी म्हटलं, नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी विचारल्याशिवाय काही ठरवलं आणि त्याला साधारण दहा सेकंद लागली. वहीत याच कामाला सव्वा महिना लागला होता.

खाली आल्यावर बापूकाकांनी तोंडातला दाणा थुंकून विचारलं, “नाना म्हणाले तोच ना?”

“हो,” मी म्हटलं.

डबा कप्प्यात चपखल बसला. आईनं त्यावर कुंकू लावलं आणि पंख्याच्या जाळीत अक्षता टाकल्या. त्या मी नंतर चिमट्यानं एकेक काढल्या. कप्प्याचं पुढचं दार उघडंच ठेवायचं, एवढं मी बापूकाकांकडून मिळवलं. त्यांनी त्यावर कापडी पडदा लावला, मी तो सकाळी वर करायची, ते पाहुणे आले की खाली करायचे. आणि मग तो उन्हाळा सुरू झाला. सकाळी सातला आई कूलरच्या टाकीत बादल्या ओतायची, खसचा, म्हणजे वाळ्याचा, ओला वास खोलीभर व्हायचा आणि मी बसायची. त्रिफळा, सितोपलादी, खोकल्यावर अडुळसा. दुपारी वीज जायची. कूलर घरघरत थांबला की आधी एकदम शांतता व्हायची, मग शेजाऱ्यांच्या खिडकीतून ‘गई क्या?’ आणि आमच्या खिडकीतून ‘गई’. तेवढ्यात मी जेवून घ्यायची. आंबेडाळ, भात, कैरीचं पन्हं. वीज आली की पुन्हा मूळव्याध. सबंध मे महिन्यात मी त्या पुस्तकातले एवढे रोग वाचले, की घरात कोणी शिंकलं तरी मी पान क्रमांक सांगायची.

वीज गेल्याखेरीज कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवरची पाण्याची टाकी हात लाववेना इतकी तापली, त्या दिवशीसुद्धा त्या बिस्किटानं निमूट काम केलं. आणि जसजसा तो चालत राहिला, तसतसं पुण्याचं कौतुक वाढत गेलं. पाहुणा आला की बापूकाका अभिमानानं सांगत, हा नानांनी निवडला. वडिलांचे कचेरीतले मित्र येऊन वाकून बघत आणि म्हणत, पुण्याची बात अलग आहे. एकानं तर आपल्या मुलासाठी नानांचा नंबर मागितला. माझ्या पाठीमागे हे चाललेलं असायचं आणि मी दम्यावरचा लेप टाइप करत असायची. खोटं मी बोलले होते, त्यामुळे तक्रार कुठे करणार? पण मनात ठरवून ठेवलं होतं, की पुस्तक हातावेगळं झालं की सांगायचं. वहीत नवी नोंद होईल: ‘निवड चिरंजीव शुभदा हिची.’ एवढ्या जाड वहीत बाईच्या नावापुढे एक तरी अभिप्राय. तेवीस वर्षांची होते, असल्या गोष्टींची हाव होती.

पुस्तक शाळा उघडायच्या आठ दिवस आधी झालं. मालकानं पानं उलटून बघितली, दोन चुका काढल्या आणि दुसरं पुस्तक आठवडाभरात पाठवतो म्हणाला. त्याच आठवड्यात नाना आणि आत्या एका मुंजीसाठी ग्वाल्हेरला आले. आईनं श्रीखंड केलं, बाहेरून कचोऱ्या आणल्या, आणि जेवणं झाल्यावर नानांनी पान चघळत आपण निवडलेल्या कॉम्प्युटरचं दर्शन मागितलं. वडिलांनी पडदा वर केला. नाना म्हणाले, झाकण काढा, बघू. ते स्क्रू काढायचा पेचकस बरोबर घेऊनच आले होते. मी वायरी काढून डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. नाना वाकले, चष्मा वर केला, खाली केला.

“हा तर आडवा आहे,” ते म्हणाले.

आता सांगायचं ते मी सांगितलं. उभा डब्यात मावत नव्हता, मावला असता तर पंधरा दिवसांत भाजला असता, म्हणून मी दुकानात बदलला आणि घरी खोटं सांगितलं. आवाज जरा चढला असावा, कारण आतून आई हात पुसत बाहेर आली. वडिलांचा चेहरा बघून मला कळलं, की पुस्तक, उन्हाळा, चालणारं यंत्र यातलं काही त्यांच्या डोळ्यांसमोर नाही. जावयासमोर घराची नोंद खोटी ठरली होती, एवढंच होतं. ते हळू म्हणाले, की सही करून जी मुलगी असं करते, तिला घरी बसून बाहेरचं काम द्यायचं की नाही, हा विचार करावा लागेल. आत्या लगेच म्हणाली, की बी.एड.चे फॉर्म अजून मिळताहेत. तिनं चौकशी करून ठेवलेली होती.

 नाना त्या आडव्या प्रोसेसरकडे बघत होते. महिनाभरात अर्ध्या ग्वाल्हेरनं नाना, नाना करत ज्याची वाहवा केली तो समोर होता आणि तो कारकुनांचा होता. मग ते खुर्चीत टेकले.

“अहो, मी आडवाच सांगितला होता,” ते म्हणाले. “तुम्ही लिहिताना उलटं केलं असेल. गरमीचा प्रश्न होता, उभा कसा सांगेन मी?”

 बूथमध्ये तिघं उभे होतो, तिघांनी ऐकलं होतं. वडिलांनी बापूकाकांकडे बघितलं. बापूकाका उठले, वही घेऊन आले, नोंद काढली आणि मनातल्या मनात वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांनी दाढीच्या डब्यातून ब्लेड आणलं, वही गुडघ्यावर घेतली आणि ‘उभा’ हा शब्द अगदी हलक्या हातानं खरवडला. फुंकर मारली. कागद नखानं घासून गुळगुळीत केला आणि त्या जागी वळणदार ‘आडवा’ लिहिलं. इतकं सफाईदार काम होतं, की सात पिढ्यांबद्दल मला पहिल्यांदा शंका आली.

“बदल झाला की सगळ्यांच्या सह्या लागतात,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

वडिलांनी केली. आईनं केली. वही माझ्यासमोर आली. हिशोब सोपा होता. नाही म्हटलं असतं, तर निवड माझी आणि जुलैत आत्याकडचं पुणंही माझं. सही केली, तर मी खोटं बोललेच नव्हते. पुण्यानं सांगितलं तेच मी आज्ञाधारकपणे आणलं होतं, अट पूर्ण झाली होती आणि काम माझं होतं. लोक म्हणतात स्वाभिमान मोठा. त्यांच्यापैकी कोणाला आत्याकडे राहायचं नव्हतं. मी सही केली, आधीच्या सहीपेक्षा नीट अक्षरात. नानांनी समाधानानं दुसरं पान तोंडात घातलं आणि मला सांगितलं, की पुढच्या वेळी काही घ्यायचं असेल तर आधी त्यांनाच विचारत जा. मी बरं म्हटलं.

स्वयंपाकघरात श्रीखंडाचं पातेलं घासायला घेतलं, तेव्हा आईनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं. “खरं लिहून तुला काय मिळणार होतं?” ती म्हणाली. “जा, झाकण लाव त्या डब्याला. धूळ जाऊन राहिली आहे आत.”

आजही आमच्या कुटुंबाच्या मोबाईल ग्रुपवर कोणी छोटा डेस्कटॉप बांधायला घेतला, की त्याच दोन कंपन्या, तेच तट आणि शेवटी कोणी तरी विचारतोच, पुण्यात काय घेतात? मी उत्तर देत नाही. माझ्या ऑफिसात आता सात मशिनं आहेत, त्यातली चार एका कंपनीची, तीन दुसरीची, आणि ती निवडताना मी कपाटाचं माप आणि जूनचं ऊन एवढंच बघितलं.

त्या सह्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्याचा माणूस पुढचं पुस्तक घेऊन आला. कुंडल्या जुळवण्याचं होतं. मी पहिलं पान उघडून बसले. थोड्या वेळानं बापूकाका वही आणि पेन घेऊन खुर्ची ओढून शेजारी बसले. विषय लिहून झाला होता: दुसऱ्या पुस्तकाचे काम स्वीकारावे किंवा कसे. त्यांनी अभिप्रायासाठी वडिलांना हाक मारली.

“याची नोंद नको, बापूकाका,” मी मॉनिटरवरून नजर न काढता म्हटलं. “काम सुरू झालंय.”

त्यांनी पेन विषयाच्या ओळीखाली टेकवून धरलं. वडील टॉवेल खांद्यावर टाकून दारात आले, दोघांकडे बघून आत गेले. माझं तिसरं पान चालू होतं, तेव्हा पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला.